पुण्यात बसून समुद्र वाचायचा कसा? सर्फिंग शिकायला निघण्याआधी लाट, वारा आणि भरतीचं गणित

सर्फिंग शिकायला निघालेला पुणेकर पहिली चूक घरी बसूनच करतो. शुक्रवारी रात्री फोनवर अंदाज बघतो, लाटेची उंची १.२ मीटर दिसते, शनिवारी पहाटे गाडी काढतो. किनाऱ्यावर पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजलेले असतात. समोर सगळा पांढरा फेस, वारा तोंडावर, एकही लाट नीट उभी राहत नाही. अंदाज चुकलेला नसतो. १.२ मीटर खरंच असतात, पण त्या लाटांचा कालावधी ६ सेकंद असतो, वारा वायव्येकडून १५ नॉट असतो आणि हे दोन्ही आकडे त्याच स्क्रीनवर शेजारीच लिहिलेले असतात.

किनाऱ्यावर राहणारा माणूस सकाळी बाहेर डोकावतो आणि ठरवतो. आपल्याला दिवेआगर चार-साडेचार तासांवर, गोवा नऊ-दहा तासांवर. समुद्र डोळ्यांनी बघायची सोय नाही, म्हणून आकडे वाचायला शिकणं हा पुण्याच्या माणसासाठी सर्फिंगचाच पहिला धडा आहे. पुण्याच्या हवेवरून समुद्राचा काहीही अंदाज बांधू नका. मध्ये सह्याद्री आहे. शहरात आभाळ भरलेलं आणि किनारा लख्ख, किंवा नेमकं उलट, हे नेहमीचंच.

मोसम आणि जागा

जून ते सप्टेंबर हा काळ नवशिक्यांसाठी बंद समजा. नैर्ऋत्य मोसमी वारे सलग वाहतात, उघड्या समुद्रात लाटा ३ ते ५ मीटरपर्यंत जातात आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहांचा काही भरवसा नसतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी आहे, पण बंदी उठल्यावरही कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या लोटतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत समुद्र शांत होत जातो, सकाळी पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं. लाट छोटी, कधीकधी अजिबात नाही. नोव्हेंबर ते मार्च अधूनमधून वायव्येकडून ६ ते ८ सेकंदांच्या लाटा येतात. अरबस्तानाच्या बाजूला वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांनी त्या तयार होतात. मार्च ते मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दक्षिणेकडच्या लांब लाटा जास्त वेळा पोचतात, पण दुपारचा वाराही तितकाच जोर धरतो. शिकायला सर्वांत चांगला काळ कोणता असं विचारलंत, तर मार्चच्या सकाळी.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी, कारण ती लपवून लोकांना उगाच पाठवलं जातं. रायगडचा किनारा सर्फिंगसाठी फारसा चांगला नाही. कारण तळाशी आहे. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे समुद्राखालचा उथळ भाग, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. दूरवरून आलेल्या लाटा या उथळ तळावर घासत घासत येतात आणि ताकद गमावतात. म्हणून एकाच दिवशी दिवेआगरला गुडघाभर लाट असते आणि गोव्याच्या हरमल-मांद्रे भागात कमरेएवढी. गोकर्ण आणि मंगळुरूच्या उत्तरेची मुळकी त्याहून सरस. शिकवणाऱ्या शाळाही मुख्यतः याच पट्ट्यात आहेत. पहिले तीन-चार दिवस प्रशिक्षकाबरोबरच पाण्यात जा, आणि त्यासाठी गोवा किंवा गोकर्ण गाठा. दिवेआगर, गुहागर, तारकर्ली या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, पुढे सरावाला आहेत, तेही अंदाज चांगला असेल तेव्हाच.

लाटेचे तीन आकडे

कुठल्याही अंदाजात लाटेबद्दल तीन आकडे असतात: उंची, कालावधी, दिशा. नवशिके उंची बघतात. आधी बघायचा तो कालावधी.

कालावधी म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांचे माथे एकाच ठिकाणाहून जायला लागणारी सेकंदं. खोल पाण्यात लाटेची लांबी या आकड्यावरून थेट काढता येते: कालावधीचा वर्ग गुणिले १.५६. म्हणजे ६ सेकंदांची लाट साधारण ५६ मीटर लांब, १४ सेकंदांची तीनशे मीटरच्या वर. लाटेचा परिणाम तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीपर्यंत पोचतो. ६ सेकंदांची लाट २८ मीटर खोलीवर तळाला लागते, १४ सेकंदांची दीडशे मीटरवरच. लांब लाट म्हणजे खोलवरपर्यंत हललेलं पाणी. ती उथळ भागात आली की आखडते, उंच होते आणि जोरात फुटते. आखूड लाट वरच्यावर खळबळते.

लाटेची ताकद उंचीचा वर्ग गुणिले कालावधी या हिशोबाने वाढते. १ मीटर-६ सेकंद आणि १ मीटर-१४ सेकंद यांत अडीच पटींच्या आसपास फरक झाला, आणि किनाऱ्याजवळ वाढणारी उंची वेगळीच. नुसतं "लाट एक मीटर आहे" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर साधारण असं धरून चाला. ४ ते ७ सेकंद: जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा, एकमेकींच्या अंगावर येणाऱ्या, दम काढणाऱ्या. ८ ते १३ सेकंद: शिकायला योग्य, दोन लाटांमध्ये बोर्ड वळवायला वेळ मिळतो. १४ सेकंदांच्या पुढे: दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी पाठवलेल्या लाटा. उंची ०.५ मीटर असेल तर उत्तम, १.२ मीटर असेल तर नवशिक्याने किनाऱ्यावरून बघाव्यात.

या लांबच्या लाटांचा प्रवास समजून घेतला की अंदाजावर विश्वास कधी ठेवायचा हेही कळतं. १६ सेकंदांच्या लाटांचा समूह तासाला सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर पुढे सरकतो. ४० अंश दक्षिणेच्या पलीकडून आपल्याकडे पोचायला त्यांना आठवडा लागतो. वादळ होऊन गेलेलं असतं, लाटा वाटेत असतात, त्यामुळे पाच-सहा दिवस आधीचा अंदाजही बऱ्यापैकी खरा ठरतो. शिवाय लांब लाटा वेगाने धावतात म्हणून आधी पोचतात. अंदाजात कालावधी एका दिवसात ९ वरून १७-१८ वर उडाला आणि उंची मात्र जेमतेम ०.३ दिसत असेल, तर ती नव्या लाटांची पहिली फळी आहे. पुढच्या दोन दिवसांत उंची वाढेल, कालावधी हळूहळू उतरेल. आकडा छोटा म्हणून गाफील राहून चालणार नाही.

उंचीबद्दल दोन सूचना. अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. १ मीटर लिहिलंय तिथे दिवसभरात कधीतरी पावणेदोन-दोन मीटरची एखादी येतेच. दुसरं, काही ॲप एकूण लाटेची उंची दाखवतात, काही लांबून आलेली आणि वाऱ्याची लाट वेगळी दाखवतात. विंडी या ॲपवर "वेव्हज्", "स्वेल" आणि "विंड वेव्हज्" हे तीन वेगवेगळे थर आहेत. वेगवेगळे करूनच बघा. एकूण १.२ मीटरमध्ये १ मीटर वाऱ्याची खळबळ असू शकते, हीच ती सुरुवातीची शुक्रवारची चूक.

दिशा म्हणून लाट कुठून येते ते सांगितलेलं असतं. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून, २१० म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्येकडून. नकाशावरचा बाण मात्र लाट जाते तिकडे टोक करतो. या दोन्हींत घोळ झाला की सगळाच हिशोब उलटा होतो. उपग्रह नकाशावर आपली पुळण कुठे तोंड करून आहे ते बघा. आपल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरकड्यांच्या मध्ये वसलेल्या, पश्चिमेकडे किंवा किंचित नैर्ऋत्येकडे तोंड केलेल्या. दक्षिणेला पुढे घुसलेला कडा असेल तर २०० अंशांवरून येणारी लाट त्याच्या आडोशाला अडते. पुळणीच्या उत्तर टोकाला ती मिळेल, दक्षिण टोकाला पाणी सपाट. लाट मोठी असेल त्या दिवशी नवशिक्यांना हाच आडोसा कामाला येतो.

वारा: घड्याळ लावून चालणारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे परीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तो लाटेच्या तोंडावर समोरून येतो, तिला टेकू देतो, लाट स्वच्छ आणि गुळगुळीत उभी राहते. सूर्य चढला की जमीन तापते, अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, लाटेच्या पाठीवर बसतो आणि तिला वेळेआधीच मोडतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोनला वायव्येचा १२ ते १८ नॉट वारा अगदी सर्वसाधारण. पुण्यात एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेकडून गार झुळूक येते ना, ती याच समुद्री वाऱ्याची घाट चढून आलेली शेपटी.

याचा सरळ अर्थ असा, की कामाची वेळ साडेसहा ते साडेनऊ-दहा. शनिवारी पहाटे पुण्याहून निघाल्यास शनिवारची सकाळ गेलीच. शुक्रवारी दुपारी निघून रात्री झोपायला किनाऱ्यावर पोचा. ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट रात्रभर उतरून, न झोपता पाण्यात शिरणं ही हिंमत नाही, अपघाताची तयारी आहे.

एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. मीटर प्रति सेकंद असेल तर दुप्पट करा, साधारण नॉट मिळतात. ५ नॉटच्या आत कुठलाही वारा चालतो. जमिनीकडून येणारा १० पर्यंत छान. समुद्राकडून येणारा ८ च्या वर गेला की लाट बिघडायला लागते, १२ च्या वर पाण्यावर पांढरे तुरे दिसतात, तेव्हा बोर्ड गाडीत ठेवा. जमिनीकडचा वारा १२ च्या वर असेल तर वेगळाच धोका. लाट सुंदर दिसते, पण नवशिक्याचा आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड शिडासारखा वारा धरतो आणि माणसाला आत ढकलत नेतो. परत हात मारत येणं त्याच्या आवाक्यात नसतं.

वाऱ्याचा अंदाज लाटेइतका टिकाऊ नसतो. दोन दिवसांपलीकडचा फक्त कल समजा. ईसीएमडब्ल्यूएफ आणि जीएफएस ही दोन्ही हवामानाचा अंदाज काढणारी जागतिक मॉडेल नऊ ते पंचवीस किलोमीटरच्या चौकटींत हिशोब करतात. तुमची पुळण, तिच्या मागचा डोंगर, शेजारची खाडी हे सगळं त्या एका चौकटीत मावतं. मतलई वारा त्यात नेहमी नीट उतरत नाही. म्हणून दोन्ही मॉडेल शेजारी ठेवा. जुळत असतील तर पुढे जा, सकाळच्या वाऱ्याबद्दल भांडत असतील तर शुक्रवार सकाळपर्यंत थांबा. वेळ भारतीय आहे का तेही तपासा. "झेड" लिहिलेली, म्हणजे ग्रिनिचची वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६ झेड म्हणजे सकाळचे सहा नव्हेत, साडेअकरा.

भरती-ओहोटी, तिथीवरून

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा ठोकताळा मुंबई-रायगडच्या बाजूला जास्त जुळतो. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याला, भरती तासभर आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. ठोकताळा हा तक्ता चुकीच्या बंदराचा उघडला गेला नाही ना, हे पडताळायला.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्याकडे सव्वादोन मीटरच्या आसपासच राहते. म्हणजे रायगडच्या सपाट पुळणीवर तासाभरात समुद्राची कड कित्येक पावलं सरकते आणि लाट फुटण्याची जागा बदलत राहते. गोव्याकडे हा फरक सौम्य.

पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग करा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३.६ मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच १.८ मीटर पाणी हलतं. ओहोटीचे हे मधले दोन तास सर्वांत जास्त ओढीचे, आणि खाडीच्या मुखापाशी तर विशेषच, कारण भरतीला आत शिरलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडायला बघतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला रम्य आहे, बोर्ड घेऊन उतरायची ती जागा नव्हे. कुठल्याही खाडीच्या मुखापासून निदान एक किलोमीटर दूर राहा.

आता तिथी आणि वारा एकत्र ठेवून बघा, कारण इथे एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला संपते आणि सकाळभर पाणी चढत असतं. मतलई वारा आणि चढतं पाणी दोन्ही सोबत. पण त्याच दिवशी बारा ते साडेपाच मोठ्या फरकाची ओहोटी चालू असते, खारा वारा जोरात असतो, आणि नेमकी तेव्हाच सहलीची गर्दी पाण्यात असते. अष्टमीच्या सुमारास उलट: सकाळी पाणी उतरत असतं, पण फरक छोटा असल्याने ओढ कमी. नवशिक्याने उधाणाच्या दिवशी सकाळीच आटोपावं. भांगाच्या दिवशी थोडी मोकळीक आहे.

उभ्या उताराच्या पुळणीवर पूर्ण भरतीला लाट थेट किनाऱ्यावर आदळते, मान आणि खांदे दुखावतात. सपाट पुळणीवर पूर्ण ओहोटीला ती दूर वाळूच्या दांड्यावर फुटते आणि पाणी इतकं उथळ असतं की बोर्डाचा पंखा वाळूत रुततो. शिकणाऱ्याला मधली वेळ बरी. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये पुळणी अरुंद आणि तीव्र उताराच्या असतात, कारण वाळू लाटांनी आत ओढून नेलेली असते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती परत येते आणि उतार सौम्य होतो. मागच्या मार्चमधली ओळखीची जागा ऑक्टोबरमध्ये अनोळखी समजूनच उतरा.

इशारे कुठे बघायचे

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. तिचं "समुद्र" नावाचं ॲपही आहे. हवामान खात्याचे जिल्हावार रंगीत इशारे आणि मच्छीमारांसाठीच्या सूचना वेगळ्या बघाव्या लागतात. तुमच्या किनाऱ्याला उंच लाटांचा इशारा असेल किंवा मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर बाकी आकडे कितीही गोड दिसोत, बेत रद्द. यावर दुसरं मत नाही.

अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचा पट्टा तीव्र होत असेल तर अंतर बघून निश्चिंत होऊ नका. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातेत जखाऊजवळ धडकलं, पण त्याच्या लाटा त्याआधी कोकणभर किनाऱ्यावर चढल्या होत्या. वादळ शेकडो किलोमीटरवरून जातं, लाटा दारात येतात.

ऑक्टोबर आणि मेमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो. पाषाणच्या आयआयटीएमचं "दामिनी" ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्याबाहेरच. ओला माणूस सपाट समुद्रावर सर्वांत उंच वस्तू असतो.

बुधवार ते शनिवार

बुधवारी रात्री फक्त कालावधी आणि उंचीचा कल बघा. लाटा वाढतायत की उतरतायत? तिथी कोणती? गुरुवारी रात्री दोन मॉडेलमध्ये शनिवार-रविवारची सहा ते दहा या वेळची वाऱ्याची रांग बघा, आणि मुक्कामाची जागा अशी ठरवा की पैसे परत मिळतील. शुक्रवारी सकाळी इशारे तपासा, मग निघायचं की नाही ते ठरवा. गुरुवारी बुक केलेल्या खोलीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून निघणं हे सर्वांत वाईट कारण.

उदाहरणासाठी मार्चमधला एक शनिवार घ्या. दक्षिणेकडची लाट ०.८ मीटर, १२ सेकंद, २१५ अंशांवरून. वाऱ्याची लाट ०.३ मीटर, ५ सेकंद. सकाळी सहाला पूर्वेचा ४ नॉट, नऊला ईशान्येचा ३, अकराला वायव्येचा ७, दोनला वायव्येचा १५. कृष्ण सप्तमी, म्हणजे भरती सव्वापाचच्या सुमारास, भांगाचे दिवस, फरक थोडा. पुळण २५० अंशांकडे तोंड करून, दक्षिणेला कडा नाही. वाचन असं: लाट शिकण्याजोगी, दिशा पुळणीला जमणारी, साडेसहा ते साडेनऊ पाणी हळूहळू उतरतं पण फरक छोटा, दहानंतर वाऱ्याने खेळ संपेल. जावं. याच अंदाजात कालावधी १६ आणि उंची १.४ असती, तर फक्त बघायला जावं. आणि लाट ०.४ मीटर, ५ सेकंद, वारा सकाळपासूनच वायव्येचा ९ नॉट असता, तर पुण्यातच थांबून पोहण्याच्या तलावात हात मारायचा सराव जास्त फळतो.

पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं

आकडे तुम्हाला किनाऱ्यापर्यंत आणतात. पुढचा निर्णय डोळ्यांनी. लाटा गटाने येतात, तीन ते सात मोठ्या, मग शांतता. लांब कालावधीच्या दिवशी ही शांतता दहा-पंधरा मिनिटं टिकते. पाच मिनिटं बघून "आज काही नाही" म्हणत उतरलेल्या माणसावर पुढचा गट येऊन पडतो. म्हणून घड्याळ लावून वीस मिनिटं बसा, उंच जागेवर. अंगाला तेल-क्रीम, बोर्डाला मेण हे सगळं तेव्हाच उरका, नजर मात्र पाण्यावर.

बघायचं काय? लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत दिसणारी वाट असेल तर तीच सर्वांत धोक्याची. किनाऱ्यावर ढकललेलं पाणी तिथून परत आत जातं. याला रिप करंट म्हणतात, गावकरी नुसतं "ओढ आहे" म्हणतात. फेस, काटक्या, गढूळ वाळू समुद्राकडे सरकताना दिसते. नवखा माणूस लाट नाही म्हणून नेमका तिथे उतरतो. अशा प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, त्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही जिंकत नाही. सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तरंगतोच. किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर हात मारा, फेसाच्या पट्ट्यात आलात की लाटाच तुम्हाला बाहेर आणतील. दमलात तर तरंगत राहा, एक हात वर करून हाक मारा.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारीत, निरभ्र मोसमात. गणपतीपुळ्यालाही अशा दुर्घटना वारंवार झाल्या आहेत. निळं आभाळ म्हणजे सुरक्षित समुद्र नव्हे. पोहता येत नसेल तर आधी पुण्यातल्या एखाद्या पोहण्याच्या तलावात न थांबता दोनशे मीटर पोहता येईपर्यंत सराव करा, मगच सर्फिंगची चौकशी करा.

लाट स्वतःच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर फुटते. मीटरभराची लाट छातीएवढ्या पाण्यात फुटेल, अर्ध्या मीटरची मांडीएवढ्या. पहिले काही दिवस फुटून आलेल्या पांढऱ्या पाण्यातच, कमरेच्या वर न जाता सराव करायचा असतो. मग हिशोब सोपा: लाट फुटते ती जागा तुमच्या कमरेपेक्षा खोल असेल, तर तिच्या पलीकडे जायचं नाही.

जाळी आवरत बसलेले कोळी दिसले तर दोन मिनिटं थांबून विचारा. "काका, आज पाण्याला ओढ कुठल्या अंगाला आहे?" एवढं पुरे. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जे उत्तर देईल ते कुठल्याही ॲपच्या चौकटीत मावत नाही. त्याने "नका जाऊ" म्हटलं तर कारण विचारत बसू नका.

एकट्याने उतरू नका. बोर्ड पायाला बांधणारा दोर दर वेळी ओढून बघा, बहुतेक वेळा तो पट्टीच्या चिकटणाऱ्या भागातून सुटतो. किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्या फोनमध्ये ११२, १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक असू द्या. परत यायची वेळ उतरण्याआधीच ठरवा आणि ठरलेली वेळ अंदाजातल्या वाऱ्याच्या एक तास आधीची असू द्या, कारण दमलेल्या हातांना किनाऱ्यापर्यंत यायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवरच, अंग वाळायच्या आत, एका वहीत चार ओळी लिहा: तारीख आणि तिथी, अंदाजातली उंची, कालावधी, दिशा, वारा, प्रत्यक्षात लाट गुडघ्याएवढी की कमरेएवढी, वारा नेमका किती वाजता फिरला. दहा-बारा नोंदी झाल्या की तुमच्या पुळणीचा स्वभाव दिसायला लागतो. ॲप ०.८ म्हणतं तेव्हा इथे गुडघाभरच असते, किंवा २०० अंशांची लाट इथे पोचतच नाही, किंवा मतलई इथे साडेनऊलाच पडतो. पुढच्या बुधवारी अंदाज उघडाल तेव्हा ही वही शेजारी ठेवा.